मधलं बोलणं

पानांचे रंग बघायला नॉर्थ कॅरोलिनातल्या बूनच्या डोंगरात निघालो होतो आणि विल्क्सबरोच्या अलीकडे गाडीचं मागचं चाक बसलं. ऑक्टोबरातला शनिवार. ४२१ नंबरचा रस्ता गाड्यांनी गच्च, सगळे आमच्यासारखेच झाडं बघायला निघालेले. नवऱ्याने फोनवर जवळचं टायरचं दुकान शोधलं आणि आम्ही कडेकडेने, गाडी रखडवत तिथवर पोचलो. पत्र्याची शेड, बाहेर टायरांची चळत, आत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर हरणाचं मुंडकं, रबराचा आणि करपलेल्या कॉफीचा एकत्र वास. काउंटरमागे साठी ओलांडलेला एक माणूस पावतीपुस्तकात काहीतरी लिहीत होता आणि त्याच्या पाठीमागच्या फळीवर ठेवलेल्या स्पीकरमधून मेबेल कार्टर, अमेरिकेतल्या डोंगरी गाण्यांची जुनी गायिका, गात होती. 'कीप ऑन द सनी साइड'. ज्या रेकॉर्डवरचं ते होतं ती मला इतकी पाठ आहे, की कोरस कुठे उठणार हे माझ्या मानेला माझ्याआधी कळतं. मी दारातून आत आले. त्याने वर बघितलं, हात मागे नेला आणि आवाज बारीक केला. "माफ करा हं, मॅडम," म्हणाला.

उद्धटपणा त्यात औषधालाही नव्हता. पाहुणे आले की आपण टीव्ही बंद करतो, तितकं साधं होतं ते. मी "राहू द्या की" म्हटलं, ते त्याला भिडस्तपणाचं वाटलं असावं, कारण तो नुसता हसला आणि किल्ली मागायला हात पुढे केला. टायरमधला खिळा निघाला, छिद्र बुजवून झालं, पैसेही फार लागले नाहीत. डोंगर लाल-पिवळे होते, फोटो काढले, कढी-भाताचा डबा खाल्ला. नवरा तो सगळा प्रसंग पार विसरून गेलाय. मी मात्र त्या बारीक झालेल्या आवाजापाशी अडकले. माझ्याकडे बघून त्याने काय हिशेब केला असेल? हे गाणं हिच्यासाठी नाही, असा? की हे आमचं गाणं हिला खटकेल, असा? दोन्हींत बराच फरक आहे, आणि त्यातला कुठला जास्त बोचतो ते अजून मला नीट सांगता येत नाही.

ती रेकॉर्ड म्हणजे 'विल द सर्कल बी अनब्रोकन'. निटी ग्रिटी डर्ट बँड या विचित्र नावाच्या टोळीने १९७२ साली काढलेला तीन तबकड्यांचा संच. माझ्याकडे तो आला गावातल्या लायब्ररीतून, सीडीच्या रूपात. लग्न होऊन नॉर्थ कॅरोलिनात आले तेव्हा एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या आधाराने मिळणाऱ्या व्हिसावर होते. नोकरी करता येत नव्हती, गाडी चालवता येत नव्हती, आणि लायब्ररी चालत जाण्याच्या अंतरावर होती. तिथून मी काय वाट्टेल ते आणायचे. स्वेटर विणायची पुस्तकं, चिनी स्वयंपाकाचे व्हिडिओ, ओपेरा. तसाच एकदा हा संच आणला. पहिल्यांदा ऐकताना गाणी मुळीच आवडली नव्हती. सगळे नाकात गातात, सगळ्यांचं कुणीतरी मेलंय, आणि बँजो म्हणजे पत्र्यावर गारा. (आपल्याकडच्या बेंजो पार्टीतला बेंजो वेगळा, त्याला टाइपरायटरसारखी बटणं असतात. हा चामड्याचा, लांब मानेचा.) तरी बंद करवेना. कारण गाण्यांच्या मधे माणसं बोलत होती.

म्हणजे खरोखरच बोलत होती. कुणी खाकरतंय, कुणी सूर कुठला म्हणून विचारतंय, कुणी काहीतरी चावट बोलतं आणि चारपाच जण एकदम हसतात, तेवढ्यात कुणीतरी पायाने ठेका धरतो आणि गाणं चालू होतं. त्या डोंगरी इंग्रजीतलं निम्मं तेव्हा मला कळत नव्हतं. पण कोण वयाने मोठं आहे, कोण कुणाला भितंय, कुणाची थट्टा चाललीय, हे सगळं नुसत्या आवाजाच्या चढउतारावरून कळायचं. दिवसभर त्या फ्लॅटमध्ये फ्रिजच्या घरघरीशिवाय आवाज नसायचा. संध्याकाळपर्यंत कुणी माझ्याशी बोललेलं नसायचं. अशा वेळी घर माणसांनी भरल्यासारखं व्हायला गाण्यापेक्षा त्या मधल्या बडबडीचा उपयोग जास्त. पुढे गाणी आवडायला लागली, ती अशी मागच्या दाराने आली.

कशी झाली ही रेकॉर्ड, ते नंतर हळूहळू वाचत गेले. १९७१ चा ऑगस्ट महिना, कंट्री संगीताची राजधानी नॅशव्हिल, तिथला वुडलँड स्टुडिओ. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचहून आलेली, लांब केसांची, दाढीमिशांची पोरं. 'मिस्टर बोजँगल्स' हे त्यांचं गाणं नुकतंच गाजलेलं, त्यामुळे कंपनीपुढे शब्दाला थोडं वजन. तिकडे व्हिएतनामचं युद्ध चालू. केसांच्या लांबीवरून माणूस कुठल्या बाजूचा ते ठरायचं, आणि नॅशव्हिल युद्धाच्या बाजूचं, हे सांगायची गरज नव्हती. टोळीतल्या जॉन मॅक्यूएनने अर्ल स्क्रग्जला विचारलं, आमच्याबरोबर रेकॉर्ड कराल का? स्क्रग्ज म्हणजे बँजोच्या घराण्याचा मूळ पुरुष. तीन बोटांत नख्या घालून ज्या झपाट्याने आज जगभर बँजो वाजतो, ती वाट त्याने मळवली. तो हो म्हणाला. हा माणूस १९६९ साली वॉशिंग्टनच्या युद्धविरोधी सभेत वाजवून आला होता, त्यामुळे केसांचं त्याला अप्रूप नसावं. मग बाकीची दारंही उघडत गेली. मेबेल कार्टर आली, आंधळा गिटारवाला डॉक वॉटसन आला, कोळशाच्या खाणींच्या मुलखातला मर्ल ट्रॅव्हिस आला, खड्या गळ्याचा जिमी मार्टिन आला. बिल मन्रोने नाही म्हणून सांगितलं. ब्लूग्रास ही बँजो-फिडलची वेगवान डोंगरी शैली ज्याच्या बँडवरून नाव घेऊन उभी राहिली त्यानेच पाठ फिरवली, आणि ती जागा रेकॉर्डवर शेवटपर्यंत रिकामीच आहे.

रॉय अकफचा किस्सा मला फार आवडतो. ग्रँड ओल ओप्री या नॅशव्हिलच्या कंट्री संगीताच्या रेडिओ-जलशाचा हा बडा माणूस, राजकारणातही उतरून आलेला, या पोरांबद्दल साशंक होता. स्टुडिओत आला, तोवर झालेलं रेकॉर्डिंग ऐकलं, आणि म्हणाला की हे तर कंट्रीच आहे, दुसरं काय! मग गायला उभा राहिला. त्याची एक ताकीद टेपवर राहिली आहे. त्याचं म्हणणं असं, की एकदा गाणं गायचं ठरवलं की जे काय असेल ते पहिल्याच खेपेला ओता, कारण पुन्हा पुन्हा करत गेलं की दर खेपेला त्यातलं थोडं सांडतं. मास्तर वर्गात येऊन फळ्यावर डस्टर आपटतात तो सूर. आणि पोरं गप्प. त्यानंतरचं गाणं ऐकताना लक्षात येतं की सगळे जण जरा ताठ बसून वाजवताहेत.

त्याचं म्हणणं पाळण्यावाचून गत्यंतरही नव्हतं. सगळं एका खोलीत, एकत्र बसून, थेट दोन ट्रॅकच्या टेपवर घेतलेलं. कुणाचा सूर चुकला तर तेवढाच नंतर काढून दुरुस्त करायची सोय नाही. सगळं मिळून सहा दिवसांत उरकलं. आणि निर्माता बिल मॅक्यूएनने, म्हणजे जॉनच्या भावाने, दुसरी एक टेप सतत फिरती ठेवली, गाणं चालू असो वा नसो. त्या टेपमुळेच खोकले राहिले, शाबासक्या राहिल्या, 'आता कुठलं घ्यायचं' राहिलं. साध्या कंपनीने हा सगळा कचरा म्हणून कापून टाकला असता. माझी लेक अजूनही गाडीत कुरकुरते, "आई, गाणं कधी सुरू होणार? पुढे ढकल ना!" तिच्या कानाला तो कचराच आहे.

मिरजेला आमच्याकडे दर गुरुवारी भजन असायचं. वडील रेल्वेत होते, गळा बरा होता, आणि नॅशनलचा एक टेपरेकॉर्डर त्यांनी कुणा दुबईवाल्याकडून घेतला होता. तो मधोमध सतरंजीवर ठेवून ते लाल बटण दाबायचे आणि विसरून जायचे. कॅसेट संपून खट्ट वाजलं की कुणाच्या तरी लक्षात यायचं. त्या कॅसेटी अजून आहेत, भावाने त्यातल्या काही संगणकावर घेतल्यात. वडील गेल्यावर आम्ही त्या ऐकायला बसलो तेव्हा अभंग आले तसे पुढे सरकवले. अभंग काय, कुणाच्याही आवाजात मिळतात. आम्ही ऐकत बसलो ते तबल्यावर हातोडी ठोकून सूर मिळवणं, कुकरची शिट्टी, आईला "अहो, चहा टाकलाय का?" असं दबक्या आवाजात विचारणं (आईला ते 'अहो' म्हणायचे, माणसं असली की), आणि एका कॅसेटीच्या शेवटी अगदी स्पष्ट, "ही छत्री कुणाची राहिलीय?" एवढंच वाक्य. भाऊ ते परत परत लावत होता. छत्री कुणाची होती हे कॅसेटीवर नाही.

मिरजेच्या माणसाचा कान वाद्याच्या बाबतीत जरा चोंबडा असतो. सतारमेकर गल्लीतून शाळेत जाणारी मुलगी मी. सुकलेले भोपळे, लाखेचा वास, आणि घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावताना एकच तार शंभरदा छेडणारे कारागीर. त्यामुळे गायकाच्या आधी माझं लक्ष बोटांकडे जातं. मेबेलची गिटार ऐका. गाण्याची चाल ती अंगठ्याने जाड तारांवर वाजवते आणि त्याच वेळी बाकीच्या तारांवरून बोट खालीवर घासत ठेका देते. चाल खाली, ठेका वर, दोन्ही एकाच हातात. तीन माणसांच्या बँडमध्ये गिटार एकच, मग गाणारी चाल आणि मागचा भरणा एकटीनेच सांभाळायचा, त्या अडचणीला हे साजेसंच आहे. मर्ल ट्रॅव्हिसचं नेमकं उलटं. त्याचा अंगठा जाड तारांवर ठेका धरून धपधप चालत राहतो, तळहाताच्या कडेने तारा किंचित दाबलेल्या, म्हणून आवाज बुजलेला. आणि चाल काढते ती तर्जनी, बहुतेक एकटीच. हे दोघं एकाच रेकॉर्डवर आहेत आणि दोघांच्या मधे बसलाय डॉक वॉटसन, दोघांचंही वाजवणं पचवलेला. मेबेल या रेकॉर्डवर ऑटोहार्पही वाजवते. ते स्वरमंडळाचंच भावंड, फक्त वर बटणांच्या पट्ट्या, एक दाबली की नको त्या तारा मुक्या होतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चहाचा कप हातात घेऊन स्पीकरजवळ जाऊन उभी राहिले होते. कुणीतरी आमच्या गल्लीतलं वाजवत होतं.

मेबेलची पहिली रेकॉर्डं १९२७ च्या ऑगस्टमधली, ब्रिस्टल गावातली. त्या गावाच्या मुख्य रस्त्यावरून टेनेसी आणि व्हर्जिनियाची हद्द जाते. रॅल्फ पीअर नावाचा कंपनीचा माणूस यंत्र घेऊन आलाय, गाण्याचे पैसे देतो, असं कळल्यावर ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि भावाची बायको मेबेल डोंगरातून निघाले. मेबेल अठरा वर्षांची, पोट पुढे आलेलं, दिवस भरत आलेले. मागून आणलेली गाडी, खडबडीत वाट, उकाडा, आणि वाटेत टायरही फुटले असं सांगतात. टायरच्या दुकानातल्या त्या माणसाला हे सांगायला हवं होतं, असं मला उगीच वाटत राहतं. १९७१ साली वुडलँडमध्ये आली तेव्हा ती बासष्टची होती आणि सगळेच तिला मदर मेबेल म्हणत. पोरं तिच्याशी बोलताना आवाज आपोआप खाली आणतात. ती मात्र कुणाच्या आदराने बिचकत नाही, वळचणीला बसून पान जुळवणाऱ्या आत्याबाईसारखी शांतपणे आपलं गाणं सांगते आणि गाते.

आणि मग ती भेट. दुसऱ्या भागात गाणं नसलेली एक पट्टीच आहे, डॉक वॉटसन आणि मर्ल ट्रॅव्हिस पहिल्यांदा भेटतात तेव्हाची. डॉक वर्षाचा व्हायच्या आत आंधळा झालेला, या आमच्या चारशे एकवीसच्या कडेच्या डीप गॅपचा. रेडिओवर ट्रॅव्हिसची गिटार ऐकून वेडा झालेला, इतका की मुलाचं नाव मर्ल ठेवलं. हे तो ट्रॅव्हिसला आता प्रत्यक्ष सांगतोय. म्हणतो, मला वाटलं, नावाबरोबर तुमच्या हाताचंही थोडं उतरेल त्याच्यात. आवाज घोगरा, उबदार, आणि चाळिशी उलटलेल्या त्या माणसात एकदम एक लाजरा पोरगा. ट्रॅव्हिसलाही काय बोलावं ते सुचत नाही. तो डॉकचंच कौतुक करायला लागतो. दोघंही एकमेकांना 'छे छे, तुम्हीच' म्हणत राहतात. मिरजेत अंबाबाईच्या देवळातल्या संगीत सभेनंतर मंडपामागे असं ऐकलंय मी, दोन मोठे गवई एकमेकांच्या पाया पडायला वाकतात आणि दोघांचीही डोकी आपटतात.

तो मुलगा मर्ल पुढे बापाबरोबर गावोगाव वाजवत हिंडला आणि १९८५ साली ट्रॅक्टर उलटून गेला. त्याच्या नावाने विल्क्सबरोच्या कॉलेजात १९८८ पासून जलसा भरतो. ते टायरचं दुकान तिथून काही फार लांब नाही. ही भेट आता ऐकताना हे सगळं माहीत असतं आणि टेपवरच्या त्या दोघांना माहीत नसतं. ते आपले हसताहेत.

इतकं प्रेम केल्यावर जे खटकतं तेही लिहायला हवं. कव्हरवर लिहिलंय, संगीतातून नवं वर्तुळ तयार होतं. वर्तुळ आहे खरं. म्हातारे आणि पोरं, युद्धाच्या बाजूचे आणि विरोधातले, सगळे खुर्च्या ओढून बसलेत. पण त्या खोलीत एकही काळा माणूस नाही. बँजो आफ्रिकेतून गुलामांच्या आठवणीबरोबर आलेला. ए. पी. कार्टर गाणी गोळा करत डोंगरातून हिंडायचा तेव्हा त्याच्याबरोबर लेस्ली रिडल नावाचा काळा गिटारवाला असायचा. सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात एक पाय गेलेला. कार्टर शब्द उतरवून घ्यायचा आणि रिडल चाल डोक्यात ठेवून आणायचा. मेबेल त्याच्याकडून गिटारही शिकली. ट्रॅव्हिसच्या त्या धपधपत्या अंगठ्याचा माग काढत गेलं तर एकाकडून दुसऱ्याकडे करत केंटकीच्या आर्नल्ड शुल्ट्झपाशी पोचतो, तोही काळा, आणि त्याचं वाजवणं कुणी रेकॉर्डच केलं नाही. डिफर्ड बेली हा ओप्रीचा सुरुवातीचा मोठा तारा, तोंडाचा बाजा, म्हणजे माउथऑर्गन, वाजवून आगगाडी हुबेहूब काढायचा. १९४१ साली त्याला काढून टाकलं. त्याने नॅशव्हिलमध्येच बूटपॉलिशचं दुकान चालवलं. १९७१ च्या त्या ऑगस्टात तो त्याच शहरात होता. वुडलँडपर्यंत यायला त्याला कितीसा वेळ लागला असता!

कुणी बोलावलं नाही. कुणाच्या मनातही आलं नसेल, आणि टायरच्या दुकानात मला जे वाटलं त्याच्या कितीतरी पलीकडची ही गोष्ट आहे. माझं काय, माझ्यासाठी कुणीतरी आवाज बारीक केला. बेलीचा तर अख्खा बाजाच बंद केला. हे कळल्यानंतर काही काळ मी ही रेकॉर्ड लावलीच नाही. मग एका पावसाळी दुपारी लावली, कारण आठवण यायला लागली. गाण्याची नव्हे, त्या माणसांची. मन असं दुटप्पी असतं, त्याला रिडलही हवा असतो आणि मेबेलही.

शीर्षकाचं गाणं शेवटाकडे येतं, सगळे मिळून गातात, रांगेने एकेक कडवं. मुळात चर्चमधलं १९०७ सालचं पद, त्याचं कार्टरने बदलून आईच्या अंत्ययात्रेचं गाणं केलं आणि कार्टर कुटुंबाने ते १९३५ साली रेकॉर्ड केलं. ढगाळ, थंडीचा दिवस, गाणारा खिडकीत उभा, आणि आईला न्यायला गाडी येते. तो गाडी हाकणाऱ्याला विनवतो, सावकाश ने रे बाबा. वर्तुळ, स्वर्ग, पुनर्भेट यांवर माझा काही फारसा विश्वास नाही. पण ते 'सावकाश ने' मला सोसत नाही. वडील गेले तेव्हा विमानं बंद होती. भावाने फोन वर धरला होता. शववाहिनी गल्लीच्या तोंडाशी उभी, दोन माणसं पांढऱ्या पोशाखात, कुणाचा कुणाला हात लागत नव्हता. सतारमेकर गल्लीच्या वळणावर चित्र अडकलं. गाडीचा मागचा दिवा, लाल, तिथेच थांबलेला. मी इकडे ओरडून सांगत होते की चित्र अडकलंय, आणि भाऊ तिकडे त्याच वेळी चालत होता. चित्र परत आलं तेव्हा गल्ली रिकामी होती. त्या गाण्यातल्या माणसाला निदान सांगायला कुणी होतं.

ज्या रेकॉर्डच्या प्रत्येक इंचावर परंपरा परंपरा म्हणून शिक्का मारलाय, तिचा शेवट या गाण्याने होत नाही, ही गंमत पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सगळं झाल्यावर अर्ल स्क्रग्जचा मुलगा रँडी, अठरा वर्षांचा, एकटा गिटारवर 'बोथ साइड्स नाऊ' वाजवतो. जोनी मिचेलचं, त्या काळचं नवं, कॅनडातल्या पोरीने रचलेलं. शब्द नाहीत, कोरस नाही. जुन्याच्या भक्तांना हे शेपूट नकोसं वाटतं आणि नवरा त्यांच्यातलाच आहे. कोरसनंतर तो रेकॉर्ड बंद करतो. मला ते हवंच असतं. म्हाताऱ्यांनी आपलं सगळं गाऊन घेतलं आणि मग म्हणाले असावेत, हं, आता तुला काय वाजवायचं ते वाजव.

गेल्या उन्हाळ्यात अखेर हिल्टन्सला जाऊन आलो. व्हर्जिनियाच्या कोपऱ्यात, क्लिंच डोंगराच्या पायथ्याशी, कार्टर फोल्ड. ए. पी. आणि साराच्या मुलीने, जॅनेटने, १९७४ साली सुरू केलेला शनिवार रात्रीचा जलसा अजून चालू आहे. दारू नाही, विजेवरची वाद्यं नाहीत. विजेच्या वाद्यांची सवलत फक्त मेबेलच्या जावयाला, गायक जॉनी कॅशला होती. २००३ सालच्या जुलैत तो अखेरचा लोकांसमोर गायला तोही इथेच. मोठी लाकडी शेड, उतारावर बाकं, पुढे नाचायला मोकळी जमीन. बुटांना पत्रे ठोकलेली सत्तरीतली माणसं कंबरेवरचं अंग ताठ ठेवून फक्त पायांनी टकटक नाचत होती. मक्याच्या पावाचा आणि ताज्या कापलेल्या गवताचा वास. अख्ख्या शेडमध्ये आमच्या रंगाचे आम्ही तिघंच.

शेजारच्या बाईंनी मला विचारलं, कुठून आलात? म्हटलं, केरी, राली जवळचं. म्हणाल्या, तसं नाही, माणसं कुठली तुमची? हा प्रश्न या देशात मला पुष्कळदा विचारलाय आणि दर वेळी माझी पाठ ताठ होते. पण बाईंनी पाचच मिनिटांपूर्वी पुढच्या बाकावरच्या ओहायोच्या गोऱ्या जोडप्यालाही अगदी हेच विचारलं होतं आणि त्यांच्या आजोळापर्यंत जाऊन आल्या होत्या. मग मी मिरज सांगितलं. रेल्वे सांगितली, तंबोरे सांगितले, वडलांचं भजन सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे दोनदा "हं, मग?" म्हणून. नंतर स्टेजकडे बोट करून माझ्या कानाशी वाकल्या.

"वाद्याच्या गावची आहेस तर मला एक सांग. तो डावीकडचा फिडलवाला थोडा उतरलाय की नाही?"

"उतरलाय," म्हटलं. "वरची तार."

"माझ्या बहिणीचा नातू आहे," बाई म्हणाल्या. "केव्हाची सांगतेय मी, पण घरात माझं ऐकतं कोण!"